बोर्डापुढं माहा खांदा आन माही जीभ

त्या खोलीत कोन कोन होतं थे पहिले सांगतो, म्हंजे मांगून कोनी म्हननार नाई का म्हातारीनं मनचं जोडलं. टेबलामांगं तीन डाक्टर, त्यातला मधातला पिकल्या केसाचा. दाराशी चपराशी. खुर्चीच्या काठावर बसलेला आमचा वकील. माही सून. आन मी, म्हंजे डाव्या खांद्याची मालकीन.

खांद्याचं असं हाय, कोरोनाच्या टायमाले गावच्या शाळेत मले डोस देला. सुई लय वर बसली, पार सांध्यात. तवापासून हात छातीच्या वर जात नाई. डोसाले मी नावं ठेवत नाई. घरातल्या सगळ्याईले मीच रांगेत हाकलून नेलं होतं, पुढंही नेईन. पन हात त गेला ना बाप्पा. म्हनून वकिलानं सरकारवर भरपाईचा दावा टाकला. भरपाई भेटली त खांद्याचं आपरेशन होईन, नाई त जसा हाय तसाच माह्यासंगं सरनावर जाईन. कोर्टानं म्हतलं, पहिले डाक्टरच्या बोर्डापुढं जा, हात किती निकामी झाला थे लिहून आना.

बोर्ड बुलढान्याले, त आमच्या सोनाळ्यापासून येष्टीत सुनेनं माही शिकवनी घेतली.

"आत्याबाई, डाक्टरनं इचारलं कशा हा, त काय म्हनसान?"

"बरी हाय."

"आत्याबाई!"

"बरं बरं. बरी नाई."

"हात दुखते काय?"

"चालते थोडंसं."

"चालते नाई! झोप लागत नाई म्हना. बुचडा बी सून बांधून देते म्हना."

बुलढान्याचा घाट चढेपर्यंत पाठ पक्का झाला. समोरच्या सीटवरचा बुढा मान वळवून म्हने, "कोनत्या परीक्षेले चालली वं माय?"

खोलीत गेली त थो पिकल्या केसाचा डाक्टर चक्क उठून उभा राह्यला. हात जोडले. "या आजी. कशा आहात?"

आता सांगा, मानूस उठून इचारते, त्याच्यापुढं काय रडगानं गावाव? आमच्यात कोनी इचारलं त बरी हाय म्हना लागते. मालक गेले त त्याईच्या तेरवीले बी मी पाव्हन्याईले बरी हाय म्हतलं होतं.

"बरी हाय बाप्पा," मी म्हतलं. "तुमी कशे हा? घरचे मजेत?"

वकिलानं डोळे मिटले.

"हात दुखतो का?"

"जराक. वय झालं ना."

"घरची कामं कोण करतं?"

इथं त माह्या अंगात वारंच आलं. "मीच! भाकरी, धुनं, कापूस वेचाले बी जातो."

भाकर मी एका हातानं थापतो, दुसरा नुसता परातीवर ठेवतो. कापूस टाकाची ओटी कमरेले सून बांधून देते. पन हे त्याईनं इचारलंच नाई, त मी काऊन सांगू?

सुनेले राह्यवलं नाई. "साहेब, आत्याबाई खोटं बोलून राह्यल्या!"

एक तरना डाक्टर म्हने, "बाई, दावा तुमचाच, आणि यांना खोटंही तुम्हीच ठरवता?"

मंग मले हात वर कराले लावला. जितका गेला तितका नेला. कपाळाले घाम फुटला, पन तोंडावर हसू ठेवलं. परक्या मानसापुढं वाकडं तोंड कराव काय?

"दुखलं?"

"नाई नाई."

कागदावर आलं, हात वयानं अखडला असन, बाई स्वताच तरास नाई म्हनते, सगळी कामं करते. कोर्टात समोरच्या वकिलानं थे मोठ्यानं वाचलं. बाहेर आल्यावर आमचा वकील म्हने, "आजी, समोरच्याले वकील लावाची गरजच नव्हती. तुमी होत्या ना."

मी हसली. खरंच होतं, काय करता.

त्यानं फेरतपासनीचा अर्ज टाकला, कोर्टानं आनखीन एक मौका देला. तवापासून मी रोज बकरीपुढं उभी राहून म्हनतो, "बरी नाई, बरी नाई." बकरी मान हालवते, तिले पटते. तेवढ्यात कुंपनापलीकडून शेजारीन आवाज देते, "कावं, कशी हायेस?"

"बरी हाय!"

माह्यानं काई थे सुधरत नाई. म्हनून हे वाचनाऱ्याईत कोनी डाक्टर असन, आन टेबलापुढं माह्यासारखी म्हातारी आली, त तिले कशा हा म्हनून इचारू नोका. तिचे केस सोडाले लावा आन म्हना, आजी, बुचडा बांधून दाखवा.