निगडीतला समुद्र

चहा ओता आधी. हसणार नाही असं कबूल करा, मग सांगतो. निगडीत समुद्र आणणारा पहिला माणूस कोण? मी! आणि त्याची वाट लावणारा? तोही मीच, दुसरं कोण!

एक्क्याऐंशी-ब्याऐंशी साल असेल. प्राधिकरणात तेव्हा घरं थोडी आणि गवत फार. मी पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूमला होतो. नवीन लग्न. बायको सुलभा मालवणची. शिफ्ट सुटून घरी यावं तर ही गच्चीवर उभी, लांबच्या टेकड्यांकडे बघत.

"काय बघतेस?"

"काही नाही. तिकडे पाणी असतं तर बरं झालं असतं."

आता नवऱ्याने काय करावं, सांगा! त्यात सासरे. त्यांना सगळे आबा म्हणत. लग्न ठरतानाच त्यांनी चारचौघांत ऐकवलं होतं, "घाटावर देतंय खरा, पण माझ्या चेडवाक दर्याशिवाय करमूचा नाय." हे आबा दसऱ्याला पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते. लेक रमलेली दिसली नाही तर दिवाळीपर्यंत तिला माहेरी नेणार, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. नवं लग्न हो! दिवाळीपर्यंत म्हणजे काय चेष्टा आहे?

त्या वेळी आमच्या कंपनीत मशीन बसवायला एक जर्मन साहेब आला होता, क्लाउस नावाचा. त्याला माशांचं वेड. जेवणाच्या सुट्टीत मी त्याला माझं दुखणं सांगितलं. तो म्हणाला, "खाऱ्या पाण्याची टाकी कर. मी शिकवतो."

काचेची टाकी झाली. पाण्याचं काय? कंपनीचा ट्रक मुंबईला जायचा. त्याच्या ड्रायव्हरने धुतलेल्या पिंपांतून समुद्राचं पाणी आणून दिलं. वाळू आली, पंप आला, फिल्टर आला. मी म्हटलं, आता मासे!

"मासे नाहीत," क्लाउस म्हणाला. "आधी जंतू. एक कोळंबी टाक, कुजू दे. घाण वास येईल, मग जाईल. वाळूवर तपकिरी थर धरेल. माशांची घाण पचवणारे जंतू तिथे असतात. तेच तुझे कामगार. कशालाही हात लावायचा नाही."

कोळंबी टाकली, आणि अहो, असा वास सुटला म्हणता! शेजारच्या पारूमावशी, जुन्या गावातल्या, नाकाला पदर लावूनच आल्या.

"काय मेलंय का रं घरात?"

"नाही मावशी, समुद्र तयार होतोय."

"व्हय? आन् मासं कुठं हायेत?"

"मासे नंतर. आत्ता जंतू पाळलेत."

झालं! सगळ्या आळीत बोभाटा. टूलरूमवाल्याने घरात जंतू पाळलेत! लोक आमच्याकडचं पाणीसुद्धा पिईनात.

सुलभा मात्र टाकीजवळ बसून डोळे मिटून वास घ्यायची. म्हणायची, "अगदी आमच्या जेटीचा वास." काय हसायची हो तेव्हा! तो कुजका वास आजही आठवला की मला ती तशी बसलेली दिसते, आणि जीव हळवा होतो.

हळूहळू वास गेला, वाळू तपकिरी झाली, काचेवर बुळबुळीत थर आला. क्लाउस येऊन, बघून, माझी पाठ थोपटून गेला.

आणि आली खंडेनवमी!

आपल्या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको. त्या दिवशी कंपनीत रॉकेल आणि चिंध्या घेऊन सगळी मशिनं लख्ख केली. हळदकुंकू, झेंडू, नारळ, पेढे. मी टूलरूमचा माणूस. मशीनवर बोट फिरवून काळं लागलं तर मला जेवण जायचं नाही. त्याच तारेत घरी आलो. सुलभा फुलं आणायला गेलेली. समोर टाकी. पंप बिचारा गुरगुरतोय, अंगावर शेवाळ. म्हटलं, वर्षाचा सण, आणि याला अंघोळ नाही? शिवाय उद्या आबा येणार! असली कळकट टाकी दाखवायची?

पाणी फडक्यातून गाळून बाजूला काढलं. वाळू उकळत्या पाण्यात धुतली. फिल्टर धुण्याच्या सोड्यात घालून असा घासला, असा घासला की नवा कोरा! काच चकाचक. परत पाणी भरलं. पंपाला हळदकुंकू, टाकीला झेंडूचा हार.

सुलभा आली आणि दारातच थांबली. "छान दिसतंय," म्हणाली. मग हळूच, "पण तो मालवणचा वास पार गेला की हो!"

दसऱ्याला सकाळी आबा दारात हजर. एका हातात दुधाचा भलामोठा कॅन, दुसऱ्यात सायकलचा पंप! लेकीच्या पत्रातून टाकीचं कळलं होतं, म्हणून तिच्यासाठी खडकातल्या डबक्यातले दोन पट्टेरी मासे आणले होते, एसटीत वाटभर पंपाने हवा मारत. मासे टाकीत सोडले. काय तोरा त्यांचा! आबा खूश, सुलभा खूश, आणि माझी छाती तर शर्टात मावेना.

दुसऱ्या दिवशी मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकायला लागले. मी सायकल दामटत क्लाउसला घेऊन आलो. त्याने हार बघितला, चकचकीत वाळू बघितली आणि मटकन खुर्चीत बसला.

"काय केलंस?"

"पूजा. तू कामगार म्हणालास ना, म्हणून पंपाची..."

"पंप नुसता शिपाई! कामगार ते जंतू होते. सणाच्या तोंडावर तू सगळी शिफ्ट गटारात सोडलीस!"

नशीब, कॅनमधलं पाणी आबांनी फेकलं नव्हतं. मासे त्यात परत घातले. जरा सावरले तसे आबा उठले. "ह्यांका हय सोसाचा नाय. मी परत न्हेतंय." मग लेकीकडे बघून म्हणाले, "तू पण चल गो."

माझा चेहरा पडला. "मी पंप मारतो," म्हणालो आणि पाठोपाठ एसटीत चढलो! कोल्हापूर गेलं, घाट उतरला, हात गळून आले, पण पंप सोडला नाही. सुलभा शेजारी बसून नुसती बघत होती.

मालवणात सकाळी मासे खडकात सोडले. कसे पळाले लेकाचे! आबांनी विचारलं, "चेडवा, दिवाळीपर्यंत रवतंस मा?"

"नको आबा. मी ह्यांच्याबरोबरच जाते."

काय सांगू, डोळ्यांत पाणीच आलं माझ्या! ते लपवायला पाण्यापाशी जाऊन बसलो, खिशातून रुमाल काढला आणि ओला करायला वाकलो. तेवढ्यात मागून आबा ओरडले,

"ओ जावयबापू! हो दर्यो तेवढो धुवू नकात हां!"