गिरणीवर कान ठेवणारा बापू

बापू एसी दुरुस्त करायला बसला की त्याचा एक कान गल्लीतल्या पिठाच्या गिरणीकडे असायचा. आमच्या शिरूरला गुरुवारी सकाळी लाईट जाते आणि दुपारी कधीतरी येते. वायरी उघडायची सगळी कामं तो गुरुवारी काढायचा, पण घराचा मेन स्विच काही पाडायचा नाही. गिरणी घरघरली की लाईट आली असं समजून हात मागे घ्यायचा.

मी म्हणायचे, "अरे, मेन पाड की!"

"लाईट न्हाईच तर पाडू कशाला, आत्या? मेलेल्याला परत मारायचं व्हय?"

"आन् गिरणी सुरू व्हायच्या आधी करंट आला तर?"

"करंट गिरणीला इचारल्याबिगर गल्लीत शिरत न्हाई."

तो मूळचा मांडवगण फराट्याचा. बाप मेंढरांच्या घुंगरांवरून कळप कुठं पांगलाय ते ओळखायचा. पोराने मेंढरं सोडली, पण आवाजावरचा भरवसा सोडला नाही. उन्हाळ्यात एसी, थंडीत गिझर. शेजारीच राहायचा, त्यामुळे रोज माझा चहा प्यायचा आणि वर नावं ठेवायचा, "साखर टाकली का नुसती दाखवली?" माझ्या कुलरला हात लावायचा असला की मी स्वतः मेन पाडायचे आणि त्याखाली खुर्ची टाकून बसायचे. तो हसायचा, "आत्या राखणीला बसल्या. मेन चोरून न्हेतंय का कुणी?"

त्या गुरुवारी गिरणीवाला भाचीच्या लग्नाला खुटबावला गेला होता. गिरणीला कुलूप. बापू मागच्या इमारतीत एसीच्या वायरी सोलत होता. लाईट आली, गल्लीतले पंखे फिरले, गिरणी गप्प राहिली. घरातल्या बाईंनी आरडाओरडा केला म्हणून मी धावत गेले. मेन दाराशेजारीच होता. आधी तो पाडला, मग बापूला हात लावला. दवाखान्यात नेला, पण तो जागीच गेला होता.

घोडनदीच्या काठावर दहावा झाला. आमच्याकडे दहाव्याला पुढारी भाषणं करतात. एकाने बापूला हिरा म्हटलं, दुसऱ्याने कर्मयोगी. तिसरा म्हणाला, "देवाच्या मर्जीपुढं कुणाचं चालतंय?" बापूची बायको मंगल समोर मान खाली घालून बसली होती. तिच्याकडे बघून मला राहवेना. मी उठले आणि माईक घेतला.

"देवाला मधी आणू नका. बापू हिरा न्हवता, आळशी व्हता. मेन हातभर लांब व्हता, त्यानं पाडला न्हाई. इथं बसलेल्या वायरमन, मिस्त्री लोकांनी घरी जाऊन आपापल्या बायकांची तोंडं नीट बघा, आन् उद्यापास्नं मेन पाडा."

मंगलने तेवढी मान वर केली. पुढाऱ्याने माझ्या हातातून हळूच माईक काढून घेतला आणि म्हणाला, "आजींच्या भावना आपण समजू शकतो."

भावना कसल्या डोंबलाच्या? मी मेन पाडायचं सांगत होते.