मामांचा चार प्रोसेसरचा सर्व्हर

दत्तामामांवर लिहिण्याचा मला अधिकार आहे का, खरंच ठाऊक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि पेपरात कधी लिहिलेलं नाही. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. मामा गेले त्याला काही आठवडे झाले. धाराशिवच्या आमच्या कॉलेजातले सर्व्हर ते सांभाळत, आणि मी त्यांच्याकडे राहायचो; त्याच कॉलेजात शिकतो.

कॉलेजसाठी आधी दुसरीकडं वापरलेला, चार प्रोसेसरचा सर्व्हर मामांनीच पुण्याहून पसंत करून आणला. पण यंत्रावरचा भार दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दोनच प्रोसेसरचे आकडे हलायचे. बाकी दोघांपुढं कायम शून्य. ऑफिसातले बनकर भाऊसाहेब रोज डोकवायचे. "मामा, निम्मा मेलेला आणलाव की."

"तुमाला निम्मंच दिसतंय भाऊसाहेब, त्याला म्या काय करू?"

असं म्हणायचे खरं, पण घरी त्यांना जेवण जायचं नाही. प्राचार्यांनी यंत्र परत पाठवायचं ठरवलं होतं, आणि 'घ्या' म्हणणारे मामाच होते.

गावाकडं जळकोटला विहिरीवरची मोटार कुरकुरली की मामा आधी पाण्याची धार बघायचे, मग मीटर. इथंही त्यांनी तेच केलं. एकच मोठं काम आधी दोन प्रोसेसरवर चालवलं, मग चारहींवर. दुसऱ्या खेपेला ते जवळपास निम्म्या वेळात उरकलं. "काम तर चौघंबी करतेत," ते म्हणाले, "मोजणाऱ्यालाच त्यातले दोघं दिसंनात." तरी त्यांची पुरती खात्री नव्हती. मोजणीची मांडणी पुसून नव्यानं केली, तर होते ते आकडेही गेले, आणि ते परत आणण्यातच दिवस गेला. शेवटी प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीला सगळं कळवलं... आणि त्याच आठवड्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं. सोलापूरच्या दवाखान्यात त्यांनी मला विचारलं, "कंपनीकडनं काय कळालं का रं?"

"न्हाय मामा."

"बरं. अभ्यास कर."

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.

परवा भाऊसाहेबांनी मामांचं सामान न्यायला बोलावलं. सर्व्हर परत पाठवण्यासाठी खोक्यात बांधलेला होता. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. कंपनीतून एक मुलगी बोलत होती.

"दत्ता सर आहेत का?"

"ते वारले. मी त्यांचा भाचा."

 मग ती जे बोलली, ते मी स्पीकर लावून तिला पुन्हा एकदा सांगायला लावलं. भाऊसाहेब शेजारीच उभे होते.

"सरांचं बरोबर होतं. या यंत्रात दोन-दोन प्रोसेसरचे दोन गट आहेत, आणि आमचा प्रोग्रॅम त्यातल्या एकाच गटाचे आकडे घेत होता. यंत्रात काहीही बिघाड नाही."