ड्रोन कपाटात, चुना अंगणात

मला वाट बघता येत नाही. चहाला आधण ठेवलं तरी मी तिथंच उभी राहून चार वेळा झाकण काढते, आणि म्हणूनच आपल्या घरात चहाला उशीर होतो असं घरचे म्हणतात. असल्या बाईला सरकारनं मोजणीच्या नोकरीत घातलं, जिथं अर्धी नोकरी तारखेची, नाहीतर साहेबांची वाट बघण्यात जाते.

हिंगोलीला बदलून आले तेव्हा आम्ही टेपनं मोजायचो. मग ड्रोन आला. गावातली घरं मोजायची पद्धत त्यामुळे फार सोपी झाली. आदल्या दिवशी गावात जायचं, दोन्ही शेजाऱ्यांना हद्दीवर उभं करायचं आणि दोघं मान्य म्हणाले की तिथं चुन्याची पांढरी रेघ ओढायची. दुसऱ्या दिवशी वरून ड्रोन जातो, रेघा फोटोत उतरतात, फोटोवरून नकाशा होतो आणि नकाशावरून ज्याच्या-त्याच्या घराचा कागद. रेघ एक दिवस टिकली तरी भागतं.

सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला एक गाव आहे. तिथल्या बौद्ध वस्तीत एक विधवा मावशी आणि त्यांचे दीर शेजारी-शेजारी राहतात. मावशींच्या भिंतीला लागून तीन हातांची मोकळी पट्टी आहे. त्या पट्टीपायी सात वर्षं दोघांमध्ये बोलणं नव्हतं. मावशींना तिथं न्हाणीघर बांधायचं होतं. घरात तरणी सून, आणि तिला अंघोळ करायची तर खाट उभी करून तिच्यावर लुगडं टाकायचं, तेही उजाडायच्या आत. दीर म्हणायचे, पट्टी माझी. ग्रामपंचायत म्हणायची, हद्दीचा कागद आणा.

संक्रांतीनंतर आम्ही तिथं चुना टाकायला गेलो. त्यांच्या घरापाशी आलो तेव्हा मी मनात म्हटलं, आता इथं दोन तास जाणार. दीर हाताची घडी घालून उभे. जरा वेळानं ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पट्टी वहिनीची हाय. वढा रेघ."

मावशींनी पदर तोंडाला लावला. मी पटकन रेघ ओढून घेतली, माणसाचं मन फिरायला कितीसा वेळ लागतो!

"बाई, दगड रोवून ठिवू का कडंला?" मावशींनी विचारलं.

"दगड नको. दगड सरकतात, मग पुन्हा भांडणं. उद्या ड्रोन येतो. तोवर एवढा चुना पुसू देऊ नका."

भिंतीपासून रेघेपर्यंत टेप लावून दोन आकडे वहीत लिहायला मला दोन मिनिटं लागली असती. वीस वर्षं तेच केलं होतं. पण ऊन कडक होतं, पुढं अकरा घरं राहिली होती, आणि उद्या वरून सगळंच दिसणार होतं. टेप पिशवीतून निघालाच नाही.

संध्याकाळी गाडीत बसतानाच फोन आला. वरून आदेश निघाला होता, परदेशी बनावटीचे ड्रोन सरकारी कामात वापरायचे नाहीत. सुरक्षेचा प्रश्न. आमचा ड्रोन चिनी. दुसऱ्या दिवशी तो पेटीत घातला, पेटी कपाटात ठेवली, कपाटाला लाखेचं सील लागलं. तो उडवणारा पुण्याचा माणूस दुपारच्या गाडीनं परत गेला.

मी साहेबांपुढं चांगलीच भडकले. "सर, हिंगोलीला सीमा कुठली लागते? नांदेडची! नांदेडचे लोक हेरगिरी करणार आहेत का आपली?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी आमच्याच जुन्या उड्डाणाचे फोटो संगणकावर उघडले. त्यात घरं होती, पण धरणाची भिंतही होती, कालवा होता, विजेचं उपकेंद्र होतं, पाण्याची टाकी होती. "हे यंत्र उडताना कुणाशी बोलतं ते तुम्हाला माहीत आहे? मलाही नाही," ते म्हणाले. दुसऱ्याचा नकाशा ज्याच्या हातात, त्याचा वरचष्मा; हे मोजणीवालीला कुणी शिकवायला नको. आदेश बरोबर होता. तरीसुद्धा मला त्याचा राग येत होता, आणि बरोबर गोष्टीचा राग आला की तो कुठं ठेवावा ते कळत नाही.

मग सुरू झालं वाट बघणं. देशी ड्रोन येणार होता. पुढच्या आठवड्यात येणार होता, मग मार्चअखेर झाल्यावर, मग निविदा पुन्हा निघाल्यावर. मी रोज खरेदीच्या टेबलाशी जाऊन विचारायची. तिथला कारकून मला बघूनच मान हलवायला लागला. घरी आले की भांडी आदळायची, रस्त्यात उगाच हॉर्न वाजवायची. आभाळात घार दिसली तरी मान वर जायची, आणि स्वतःचंच हसू यायचं.

त्यात मावशींचा फोन. दर बाजाराच्या दिवशी न चुकता. "बाई, कवा येऊन राहिलं तुमचं मशीन?"

"येईल मावशी, पुढच्या महिन्यात."

"बराबर हाय. चुना हाय बरं का जागेवर."

एप्रिलमध्ये जयंतीच्या आदल्या दिवशी मी त्या गावावरून जात होते, म्हणून डोकावले. वस्तीत दारोदार सडे पडलेले, अंगणं सारवलेली, निळे झेंडे लागलेले. मावशींच्या अंगणात मात्र धूळ. ना सडा, ना सारवण. उकडलेली हळद दरवर्षी याच अंगणात वाळायची, ती या वर्षी दुसऱ्याच्या खळ्यावर. मधोमध पांढरी रेघ, आणि तिला वळसा घालून चालणारी सून.

"आत्याबाई झाडूसुद्धा मारू देत न्हाईत," सून म्हणाली. "तुमी सांगितलं म्हनून."

मी एका दिवसासाठी बोललेलं वाक्य त्या बाईनं तीन महिने पाळलं होतं. तेव्हा म्हणायला हवं होतं, मावशी, सारवा खुशाल, मी टेप लावते आणि लिहून ठेवते. ते माझ्या मनात आलं नाही. माझ्या डोक्यात फक्त ड्रोन होता. मी म्हणाले, "झालंच आता, थोडे दिवस."

पावसाळा लागला; आता ड्रोन मिळाला असता तरी उडवता आला नसता. फोन येतच राहिले. चुना हाय बरं का जागेवर. भर पावसात चुना जागेवर कसा राहील, हे मी एकदाही विचारलं नाही.

दिवाळीनंतर देशी ड्रोन आला. मी त्या दिवशी कळमनुरीकडच्या कामावर होते, उड्डाण दुसऱ्यांनी केलं. पुसलेल्या रेघा त्यांनी पुन्हा ओढल्या, दिसत होत्या त्या तशाच ठेवल्या. महिन्याभरात छापील नकाशा हातात पडला आणि तो घेऊन मी गावात गेले. वस्तीतल्या विहारापुढं पट उघडला. शेजारी जोडीजोडीनं येऊन आपापली हद्द बघत होते, मान्य म्हणून सही करत होते. मला इतका आनंद झाला होता की मी स्वतःच नकाशा घेऊन मावशींच्या दारी गेले. दीर आधीच येऊन बसले होते, हातात मावशींच्या घरचा चहा. ते बघूनच मला बरं वाटलं.

सुनेनं नकाशा घेतला. ती बारावी झालेली, आकडे वाचणारी. वाचून ती उठली, भिंतीला कोपर लावलं आणि रेघेपर्यंत हात मोजला. मग पुन्हा मोजला.

"मॅडम, हे दीडच हात हाय. न्हानी कशी बसंल यात?"

मी टेप काढला. दीडच हात. मावशी खाली मान घालून उभ्या होत्या.

"मावशी, रेघ सरकली कशी?"

"पावसानं धुऊन जायची वो. मी कळमनुरीच्या बाजारातून चुना आनून परत परत टाकायची. दर येळेला बोटभर आपल्याच अंगाला घ्यायची. न जानो, भावजींना वाटंल मी त्यांच्यात घुसून राहिले. लई सालानं बोलले ते." मग हळूच म्हणाल्या, "एवढं जाईल असं वाटलं न्हाई."

एक-एक बोट, पावसाळाभर. स्वतःची जागा अशी स्वतःच्या हातानं आत घेतलेली मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. जो-तो रेघ बाहेर ढकलतो, त्याचा बंदोबस्त आमच्याकडे असतो. हिच्यासाठी आमच्याकडे काहीच नव्हतं. मी म्हणाले, "चूक माझी आहे. त्या दिवशी मी मोजून लिहायला हवं होतं. भाऊ, तुम्ही तर इथंच असता. तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय," दीर म्हणाले. कप त्यांनी खाली ठेवला. "रोज बघून राहिलो की."

"मग बोलला काहून नाहीत?" रागाच्या भरात माझ्या तोंडून त्यांच्याच बोलीतला शब्द निघाला.

"आमी काय बोलावं? तुमचं मशीन येनार हुतं. वरून खरं काय ते दिसंल, म्हनलं."

ते लबाडीनं बोलत होते की मनापासून, हे मला आजही सांगता येत नाही. मी म्हटलं, हरकत नोंदवू, तारीख पडेल, पुन्हा मोजू. वहीत आकडा नव्हता. साक्ष होती ती फक्त दिरांची. त्यांनी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. मावशींनी दिरांकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि माझ्या हातातला पेन घेतला.

"न्हाई बाई. आता तारीख नको. सात वर्सं लई झाली."

सून आत निघून गेली. मावशींनी सही केली, दिरांनी केली. तिसरी जागा माझी होती, 'समक्ष खात्री केली' या ओळीखाली. सुनेनं आतून कडी लावल्याचा आवाज आला, आणि मी सही केली.