फ्लोरीचं फरशीचं अंगण

गिरगावात खोताच्या वाडीत राहणाऱ्या कॉनरॅड कोलासोने तीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसावं तसं उलटं असतं. त्यामुळे या गृहस्थाला सरळ मजकुरापेक्षा उलटा मजकूर लवकर वाचता यायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या चार वर्षांत त्याने समितीची इतकी पत्रकं जुळवली की ‘झालाच पाहिजे’ हे शब्द त्याची बोटं न बघता उचलत. भाषा आपली, मुंबई आपली, मग यात विचारायचं काय, एवढं त्याचं साधं म्हणणं. एरवी माणूस गरीब. फक्त स्वतःचं चुकलं हे कबूल करणं त्याच्या अगदी जिवावर येई.

त्याची बायको फ्लोरी म्हणजे वाडीतली सगळ्यात बोलकी बाई. एकोणसाठ साली तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा शाबूत राहिली, पण हात लुळा पडला आणि काठीने पाय ओढत चालायची पाळी आली. मागच्या दाराला तीन उंच पायऱ्या, खाली खाचखळग्यांचं मातीचं परसू. तिथे ती मसाल्याच्या मिरच्या वाळवायची आणि शेजारच्या लीलाबाईशी कुंपणावरून तासन् तास बोलायची. आता वर्षभर दाराशी खुर्चीत बसून नुसती बघत होती. “मला एकदा माझ्या पायांनी खाली जायचंय,” ती म्हणे.

साठ सालच्या एप्रिलात राज्य होणार हे नक्की झालं, पत्रकं आटली आणि कॉनरॅडचे रविवार मोकळे झाले. त्याने शहाबादी फरशी आणली. पाणी वाहून जायला उतार कसा ठेवायचा ते सीताराम गवंड्याकडून शिकून घेतलं. माती ठोकली, दोरी लावली आणि एकेक फरशी चुन्यात बसवत गेला. दोन फरश्यांमधली फट तो दोन शब्दांमधल्या जागेसारखी डोळा बारीक करून जोखायचा.

“कोलासोसाहेब, हे कोण वाचायला येणार नाय,” सीताराम म्हणाला.

शेवटी राहिला पायऱ्यांचा लोखंडी कठडा. फ्लोरीने डाव्या हाताने वेडावाकडा नकाशा काढून दिला होता. उतरताना कठडा डावीकडे हवा, कारण धरणारा हात तोच. कॉनरॅडने खाली परसात उभं राहून, घराकडे तोंड करून नकाशा पाहिला आणि स्वतःच्या डावीकडे कठडा सिमेंटात पक्का रोवला.

सिमेंट सुकल्यावर फ्लोरी दारात आली, काठी चौकटीला टेकवून ठेवली. तिने डावा हात पुढे केला. तिथे काहीच नव्हतं. कठडा उजवीकडे होता, लुळ्या हाताशी. कुंपणाशी कौतुकाने उभ्या असलेल्या लीलाबाईने कपाळाला हात लावला.

“माझं चुकलं गो,” कॉनरॅड म्हणाला. त्या घरात हे वाक्य आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मग पहार उचलून तो कठडा उपटायला धावला.

“हात लावू नको त्याला!” फ्लोरी ओरडली.

ती थोडा वेळ कठड्याकडे बघत राहिली. मग चौकट धरून सावकाश वळली आणि परसाकडे पाठ केली. आता कठडा तिच्या डाव्या हाताशी आला. तो गच्च धरून तिने एक पाय मागे, खालच्या पायरीवर टाकला. मग दुसरा ओढला. कॉनरॅड खाली दोन्ही हात पसरून उभा. तीन पायऱ्या उतरायला केवढा वेळ लागला! अखेर तिचे दोन्ही पाय फरशीवर टेकले.

“माझ्या नकाशाने केलं असतंस, तर उतरले असते ऐटीत,” ती धापा टाकत म्हणाली, “पण परत वर चढताना काय धरलं असतं? तुझं नाक? काठी दे इकडे.”

काठी देऊन कॉनरॅड पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. फ्लोरीने वळूनही पाहिलं नाही. पाय ओढत ती कुंपणापर्यंत पोचली होती, आणि लीलाबाईला वर्षभराचं सांगायला तिने सुरुवातही केली होती.