स्लॅबखाली उभे राहणारे साहेब

वेलणकरसाहेबांना पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून पुस्तक निघतंय, त्यात तुम्हीही लिहा, असं मंडळाचे लोक घरी येऊन सांगून गेले. मी चौथीतून शाळा सोडलेली बाई. शुद्धलेखन तुम्ही सुधारा, पण साहेबांबद्दल गोड खोटं घालू नका. ते स्वतःच खोडतील आणि वर मला बोलतील.

साहेबांची ओळख झाली ती भीतीतून. नवीन पनवेलात ते इंजिनियर होते त्या साइटवर मी बिगारी होते. स्लॅब भरल्यावर त्याला रोज पाणी मारायचं काम माझ्याकडे. ऐन उन्हाळा होता आणि घरी मुलगी तापाने फणफणलेली. दोन दिवस मी सकाळीच विचुंब्याला घरी निघून गेले आणि मुकादमाला सांगितलं, मारलं पाणी. पाणी कमी पडलं की स्लॅब कच्चा राहतो, हे मला ठाऊक होतं. पण वरून सगळे स्लॅब सारखेच दिसतात.

खालचे टेकू काढायचा दिवस आला. साहेबांची रीत मी नवी असल्यामुळे मला माहीत नव्हती. टेकू काढताना ते स्वतः स्लॅबच्या मधोमध जाऊन उभे राहायचे. काढणारे गडी खालीच असतात, मग सही करणाऱ्याने बाहेर का थांबायचं, असं त्यांचं म्हणणं. माणूस वेडा आहे, असं मला वाटलं. मग त्यांच्या डोक्यावर काय आहे ते आठवलं. पहिल्या टेकूवर हातोडा पडला तशी मी घमेलं टाकून आत शिरले.

“साहेब, भायेर या. दोन दिस मी पानी मारलं नाय.”

सगळे जागीच थांबले. साहेबांनी गड्यांना आधी बाहेर काढलं, मग स्वतः आले. टेकू आणखी तीन आठवडे तसेच ठेवले. मालकाला त्यांनी सगळं खरं सांगितलं: बाईंनी पाणी मारलं नाही, आणि ते दोन दिवस मी बघायला आलो नाही. माझं नाव लपवलं नाही, मला एकटीला पुढेही केलं नाही. संध्याकाळी विचारलं, मुलीचा ताप उतरला का. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे तीस वर्षं काम केलं.

घरातही साहेब तसेच. माझ्या मुलीच्या लग्नाआधी आमच्याकडे आले तेव्हा चुलीवर सुकट होती. दुसऱ्या कुणी उपास सांगितला असता. साहेब म्हणाले, हिराबाई, मला हा वास सोसत नाही, मी अंगणात बसतो. आणि खरंच दोन तास अंगणात बसून मांडवाचे बांबू तपासत राहिले. वहिनी म्हणतात, या माणसाला दोन तोंडं असती तर माझा संसार सोपा झाला असता. साहेबांचा स्वभाव गोड नाही. कामं गेली, नातेवाईक तुटले, त्याचं ओझं वहिनींनी वाहिलं, हेही इथे लिहून ठेवते.

दोन वर्षांपूर्वीचं सांगते. साहेबांचा मुलगा मिलिंद बिल्डर झाला आणि विचुंब्यात त्याची इमारत उभी राहत होती. टेकू लावायचं-काढायचं काम माझ्या मुलाकडे, बबनकडे. दसऱ्याला घरांचा ताबा द्यायचा, म्हणून मिलिंदने गॅलऱ्यांचे टेकू, त्या कच्च्या असतानाच, नवव्या दिवशी काढायला सांगितले. बबन नको म्हणाला, तर उत्तर मिळालं, दुसरे मिस्त्री आहेत. बबन घरी आला आणि ताटावरून तसाच उठला. टेकू काढताना तोच खाली असणार होता. मी साहेबांना फोन लावला. बापापुढे लेकाची चुगली करायची, आणि उद्या बबनचं कामही जायचं. साहेब नुसतं बरं म्हणाले.

सकाळी ते काठी टेकत रिक्षातून उतरले आणि थेट गॅलरीखाली जाऊन उभे राहिले. बबनला म्हणाले, काढ. बबन कसला काढतोय. मिलिंद धावत आला.

“बाबा, लोकांसमोर नको. घरी बोलू.”

“घरी वेगळं बोलणार असतो तर घरी बोललो असतो,” साहेब म्हणाले. “मला भीती वाटतेय, मिलिंद. पाय बघ माझे. तू ये इथे माझ्याशेजारी, मग काढायला सांग.”

मिलिंद एक पाऊल पुढे आला, वर बघितलं आणि थांबला. मग तो बबनला म्हणाला, राहू देत टेकू. दसरा गेला, घरं घेणाऱ्यांनी तोंडाला येईल ते ऐकवलं, आणि दिवाळीभर मिलिंद बापाशी बोलला नाही. साहेब रोज त्याच्या ताटाशेजारी बसून जेवत राहिले.

गेल्या महिन्यात मिलिंदच्या नव्या साइटवर टेकू निघायचे होते, मीही तिथे गेले होते. दिवस पूर्ण भरलेले, पाणी पोटभर मारलेलं. साहेब नेहमीसारखे उठले, तर मिलिंदने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्लॅबखाली जाऊन उभा राहिला. पहिला टेकू निघाला तेव्हा साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. मी पाणी दिलं, ते त्यांनी अर्धं अंगावर सांडलं.

मी म्हटलं, “आता कळलं? वयनी आनि आमी इतकी वर्सं हितं भायेर उभ्या होतो.”

साहेब म्हणाले, “हिराबाई, हे फार वाईट असतं हो.”

स्लॅब पक्का होता. मिलिंद हसत बाहेर आला. साहेबांना मात्र खुर्चीतून उठायला माझा हात लागला.

देवाने साहेबांना आणखी पुष्कळ वर्षं धडधाकट ठेवावं. ती सगळी त्यांनी त्या खुर्चीवर बसून काढावीत, आमच्यासारखी, जीव मुठीत धरून.