काकीसाठी धरलेली जागा

रायपूरहून भिलाईला जाणाऱ्या लोकलमध्ये दर गुरुवारी माझी जागा ठरलेली असायची. रायपूरच्या आधी लागणाऱ्या तिल्द्याहून रोज कामाला जाणारे एक भैया माझ्यासाठी खिडकीची सीट धरून ठेवत. सीटवर रुमाल टाकला की आमच्या या लाइनीवर ती सीट गेली म्हणून समजा, मग कोणी कितीही भांडो. मी चढली की ते रुमाल उचलायचे आणि म्हणायचे, "आइए काकी, आपकी गद्दी." रायपूरला आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात मी किती जणींना सांगितलं असेल, की बायांनो, माणूस असावा तर असा.

आता ऐका त्या माणसाचं.

माझी धाकटी बहीण भिलाईला राहते. औषधांनी तिचं तोंड आतून सोललं होतं. तिखट-मीठ सोडा, दूधभातही जात नव्हता. जायची फक्त ज्वारीची आंबील, ताक घालून पातळ केलेली. पीठ आदल्या दिवशी आंबवावं लागतं, ऐनवेळी होत नाही. म्हणून मी घरूनच स्टीलच्या किटलीत भरून, किटली मांडीवर धरून न्यायची.

त्या गुरुवारी सरोना सुटलं, गाडीनं वेग धरला. भैया माझ्यासमोर, इंजिनाकडे पाठ करून बसलेले. गाल गुटख्यानं फुगलेला. काहीतरी बोलायचं असेल त्यांना, म्हणून मान वळवून खिडकीबाहेर पिचकारी मारली. वारा तर माझ्याच अंगावर येत होता! सगळं परत आत आलं. माझ्या हातावर, पदरावर, किटलीच्या झाकणावर. कोमट होतं हो ते. आत्ता लिहितानाही शिसारी येऊन राहिली. झाकणाच्या कडेनं लाल ओघळ, आणि कडीला चिकटलेले सुपारीचे तुकडे.

"भैया, तोंड आहे का नाली?" मी ओरडलीच.

"अब हवा का क्या करें काकी," भैया हसले.

बाजूची बाई म्हणाली, "ऊपर-ऊपर ही तो लगा है काकी, पोंछ लो."

भैयांनी मग खिशातून रुमाल काढला, आधी स्वतःचे ओठ पुसले आणि त्याच रुमालानं माझी किटली पुसायला आले. तोच रुमाल! जागोजागी लाल, वाळून कडक झालेला. तो उचलून दिलेल्या जागेवर मी वर्षभर राणीसारखी बसत आली होती. मी किटली मागे ओढून घेतली.

भिलाईला उतरून स्टेशनातल्या नळावर गेली, तर तोटीवरही तेच. मागच्या भिंतीवर कोणी थुंकू नये म्हणून देवांच्या चित्रांच्या फरशा लावल्यात. देव तेवढे सोडून बाकीची भिंत लालभडक. झाकण उघडलं. आत आंबील पांढरीशुभ्र, एक डाग नाही. पण झाकण ढिलं. एखादा थेंब गेला नसेलच, हे कोण सांगणार? सोललेल्या तोंडात जायची होती ती. नालीत ओतून दिली.

बहीण उशीला टेकून वाट पाहत होती. "काहून उशीर केला? आण लवकर, आज मले भूक लागली."

भूक हा शब्द तिच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकला मी.

"फेकली गं. गाडीत एक जण थुंकला तिच्यावर."

"आतमध्ये थुंकला?"

"झाकणावर."

"मग धुवायचं ना झाकण!" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. दुपारी कशीबशी दोन चमचे पेज घेतली, डोळ्यांतून पाणी काढत.

घरी येऊन पुन्हा पीठ आंबवलं आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी धरली. भैया होतेच. शुक्रवारी माझी फेरी नसते, पण मला फलाटावर पाहून त्यांनी सीट धरली होती. रुमाल उचलून म्हणाले, "आइए काकी."

"ठेवा तुमची गद्दी तुमच्यापाशी," म्हटलं, आणि पॅसेजमध्ये खिडक्यांपासून दूर उभी राहिली, किटली पदराखाली छातीशी धरून. गुडघे बोलून राहिले होते. भैयांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. काहीतरी सांगायला गेले, पण तोंड भरलेलं होतं, म्हणून आधी खिडकीकडे वळले.

बहिणीनं त्या दिवशी दोन ग्लास आंबील घेतली. मी आता उभीच जाते.